घट्ट पिळाचे केस, त्यांची निगा आणि त्यांचा बाजार : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या केसांची निगा आणि त्यावर उभा राहिलेला व्यवसाय, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली, आणि बरीचशी घरातल्या अडचणींची होती. त्यांतल्या सहा पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते, जावई आफ्रिकन-अमेरिकन. नात चार वर्षांची आहे. तिचे केस इतके घट्ट कुरळे आहेत की फणी आत शिरत नाही, रोज सकाळी रडारड. मी तीन महिन्यांसाठी जाणार आहे. एकदा चकोट केला तर पुढचे केस सरळ येतील का? आणि रोज तेल चोपडलं तर चालेल का? (एक आजी, ठाणे)

आजी, चकोट करू नका. केसाचं वळण ठरतं ते त्वचेच्या आत, मुळीच्या आकारावर. सरळ केसाची मुळी सरळ असते आणि केसाचा छेद गोल असतो. तुमच्या नातीची मुळी वाकलेली आहे आणि छेद लंबगोल, चपटा. वस्तरा फिरतो त्वचेच्या वर, त्यामुळे आतल्या मुळीत काही बदल होत नाही. जावळ काढल्यावर पोत बदलला असं जे दिसतं, ते बाळाचे केस पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआपच बदलत असतात म्हणून.

आता रडारडीचं कारण. डोक्याच्या त्वचेतून सुटणारा तेलकटपणा सरळ केसावरून टोकापर्यंत ओघळतो. पीळदार केसावर तो पहिल्या दोन-चार वळणांतच अडकतो, म्हणून टोकं कायम कोरडी राहतात. शिवाय प्रत्येक वळण ही केसाची कमकुवत जागा असते. कोरड्या केसात फणी घातली की केस नेमका तिथे तुटतो. हे केस वाढत नाहीत असं लोक म्हणतात, पण ते वाढतात, फक्त टोकाकडून तुटत राहतात. ओढून धरलेली बट खांद्याला लागते आणि सोडली की कानापाशी जाऊन बसते, म्हणूनही ते आखूड वाटतात.

म्हणून पहिला नियम : कोरडे केस विंचरायचे नाहीत. रोज तर नाहीच. आठवड्यातून एक दिवस केसांचा ठरवा आणि त्यासाठी दीड-दोन तास मोकळे ठेवा. त्या दिवशी आधी बोटांनी केसांचे चार ते सहा भाग करा आणि प्रत्येक भाग क्लिपने वेगळा बांधा. धुण्याआधी अर्धा तास खोबरेल लावा, सगळ्या केसांना मिळून दोन चमचे पुरे. यामागे आधार आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. तिघांपैकी धुताना आणि विंचरताना जाणारं केसातलं प्रथिन रोखलं ते फक्त खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत शिरतं.

मग एका भागावर कोमट पाणी फवारून तो चिंब करा. त्यावर लिंबाएवढा कंडिशनर घ्या आणि बोटांनीच गुंता मोकळा करा. त्यानंतर रुंद दातांची फणी घ्या. ती टोकाच्या बोटभर केसांतून आधी काढा, मग थोडी वर, मग आणखी वर. दुसऱ्या हाताने गुंत्याच्या वरची बट घट्ट धरा, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत पोचत नाही. ही एक गोष्ट जमली की अर्धी रड थांबते. सोडवलेल्या भागाला लगेच सैल पीळ घाला, नाहीतर शेजारच्या केसांत तो पुन्हा अडकतो.

शाम्पू दोन चमचे घ्या, वाटीभर पाण्यात मिसळा आणि फक्त डोक्याच्या त्वचेवर ओता. बोटांच्या पेरांनी चोळा. केसांचा डोक्यावर गोळा करून घासायची आपली सवय इथे सोडावी लागेल. शिकेकाई हवीच असेल तर पूड नको. तिचे कण पिळांत अडकतात आणि चार पाण्यांनीही निघत नाहीत. काढा करून दुहेरी कापडातून गाळून घ्या. केस टिपायला टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट वापरा.

तेलाबद्दल. तेल म्हणजे ओलावा नव्हे. तेल आत असलेला ओलावा धरून ठेवतं, पण कोरड्या केसावर चोपडलं तर कोरडेपणाच धरून बसतं. त्यामुळे क्रम असा ठेवा : ओले केस, त्यावर धुवायचा नसतो तो कंडिशनर, मग शिया बटरचं क्रीम, आणि शेवटी टोकांना तेलाचे काही थेंब. डोक्याच्या त्वचेवर रोज तेलाचा थर दिला तर खपल्या वाढतात. क्रीमच्या डबीवर पहिल्या पाच घटकांत पाणी आहे ना, हे बघून घ्या.

आणि मग वेण्या. तुम्हाला सागरवेणी येत असेलच. त्यांची कॉर्नरो म्हणजे तीच, फक्त बारीक भांगांत, आणि पेड वरून न नेता खालून न्यायचे, म्हणजे वेणी डोक्यावर उठून दिसते. शिकेपर्यंत दोन पेडांचे साधे पीळ घाला. ते आठवडाभर राहतात. वेणी घातल्यावर कपाळाची कातडी ताणलेली दिसली, भांगापाशी बारीक पुटकुळ्या आल्या किंवा पोरगी दुखतं म्हणाली, तर वेणी सोडून सैल घाला. कानशिलावरचे केस ओढ लागून गळतात, आणि वर्षानुवर्षं ओढ बसली तर परत येत नाहीत. रात्री सॅटिनची टोपी किंवा सॅटिनचा अभ्रा वापरा. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केस घासून तोडतो.

एक गोष्ट डॉक्टरांची. डोक्यावर गोल चट्टा, त्यात तुटलेल्या केसांचे काळे ठिपके आणि खपल्या दिसल्या तर तो बहुधा बुरशीचा नायटा असतो, लहान मुलांत नेहमी आढळणारा. वरून लावायच्या मलमाने तो जात नाही, पोटात औषध घ्यावं लागतं.

प्रश्न : ह्यूस्टनमध्ये शाळेने माझ्या भाच्याच्या वेण्यांवर हरकत घेतली आहे. कायदा काय सांगतो? (एक वाचक, ह्यूस्टन)

केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स (जटा), ट्विस्ट (दोन पेडांचे पीळ) यांसारख्या रचना यांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा ‘क्राउन’ कायदा कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये सर्वांत आधी केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यू जर्सीने केला, आणि टेक्सासमध्ये तो १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते अडलं. टेक्सासमधली खोच लांबीची आहे. मुलांचे केस अमुक इतकेच लांब असावेत, हा शाळेचा नियम या कायद्यात बसत नाही, असा निकाल तिथल्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. तेव्हा शाळेकडून लेखी घ्या : हरकत वेणीला आहे की लांबीला? वेणीला असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : माझं पार्लर पुण्यात आहे. आफ्रिकन विद्यार्थिनी येतात आणि रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस कायमचे सरळ करणारी क्रीम, करून मागतात. आमच्याकडची स्मूदनिंगची क्रीम वापरली तर चालेल का? (कोंढवा, पुणे)

नाही. ही दोन वेगळी रसायनं आहेत आणि एकाच केसावर दोन्ही कधीच नकोत. केसाला आकार देणारे गंधकाचे दुवे असतात. स्मूदनिंग आणि रिबाँडिंगमधलं थायोग्लायकोलेट ते दुवे तोडतं, आणि न्यूट्रलायझरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड ते नव्या जागी पुन्हा जोडतं. रिलॅक्सर हायड्रॉक्साइडचा असतो. तो दुव्यातला गंधकाचा एक अणू काढून टाकतो, आणि तो दुवा पूर्ववत होत नाही. थायो झालेल्या केसावर हायड्रॉक्साइड गेलं की केस हातात येतो, अक्षरशः ओल्या चिंध्यांसारखा. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : गेल्या दोन वर्षांत केसांना काय काय केलं? उत्तर संशयास्पद वाटलं तर मानेजवळची एक बट घेऊन स्ट्रँड टेस्ट करा, म्हणजे क्रीम आधी फक्त त्या बटेवर लावून बघा.

रिलॅक्सर दोन प्रकारचे. ‘लाय’ म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आपला कॉस्टिक सोडा. ‘नो-लाय’मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याची, क्रीम असते आणि त्यात ग्वानिडिन कार्बोनेटचं द्रावण ऐनवेळी मिसळतात. नो-लाय सौम्य असतो हा समज पुसून टाका. तोही तीव्र अल्कली आहे आणि तोही भाजतो. शिवाय त्याचा चुना केसावर बसतो आणि केस राठ होतात. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर त्यात भरच पडते. त्यासाठी चुना धरून काढणारं ईडीटीए असलेला शाम्पू महिन्यातून एकदा लागतो.

करायचंच असेल तर असं. तीन दिवस आधीपासून डोकं धुवायचं, खाजवायचं किंवा ब्रश करायचं नाही. त्वचेवर जखम, पुरळ किंवा ओरखडा दिसला तर त्या दिवशी काम घ्यायचं नाही. केस पूर्ण कोरडे हवेत. कपाळाची कड, कान, मान आणि भांगांमधली त्वचा यांवर व्हॅसलीन लावा. हातात मोजे, भांडं प्लॅस्टिकचं. अॅल्युमिनियमची वाटी नको, हायड्रॉक्साइड तिला खातं. डोक्याचे चार भाग करा, अर्ध्या सेंटिमीटरचे भांग पाडत मागून पुढे या आणि कपाळाची कड सगळ्यात शेवटी घ्या, कारण तिथले केस बारीक असतात. क्रीम त्वचेपासून अर्धा सेंटिमीटर दूर ठेवा. धुताना आणि सपाट करताना ती आपोआप खाली सरकतेच.

सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं ते सांगतो. दुसऱ्या वेळी फक्त नवीन वाढलेल्या केसालाच क्रीम लागली पाहिजे. जुन्या सरळ झालेल्या केसावर ती पुन्हा गेली, की जुनं आणि नवं जिथे मिळतं त्या रेषेवर केस तुटतो. आठ ते दहा आठवड्यांच्या आत पुन्हा हात लावू नका, कारण त्याआधी नवी वाढ इतकी कमी असते की क्रीम जुन्यावर जाणारच. वेळ डब्यावर लिहिलेलीच पाळा. क्रीम लावण्यापासून धुण्यापर्यंत सगळं धरून ती साधारण १३ ते १८ मिनिटांची असते. ग्राहक जळजळतंय म्हणाली की वेळ संपली, घड्याळाकडे बघायचं नाही. ‘अजून दोन मिनिटं सोस’ हे वाक्य या कामात गुन्ह्यासारखं आहे. कोमट पाण्याने निदान पाच मिनिटं धुवा, मग न्यूट्रलायझिंग शाम्पू. हा आम्लधर्मी असतो, तुमच्या स्मूदनिंगचा पेरॉक्साइडचा न्यूट्रलायझर इथे चालत नाही. बऱ्याच शाम्पूंत अल्कली उरली असेल तर फेस गुलाबी होतो. तो पांढराशुभ्र येईपर्यंत दोन-तीनदा धुवा.

पण या मुलींना आधी विचारा की रिलॅक्सरच हवा आहे, की फक्त केस कुणाला तरी नीट हाताळता यावेत एवढंच? अनेकींना मनापासून हवं असतं ते नीट धुणं, न तोडता गुंता सोडवणं आणि वेण्या. ते शिकून घ्या. खोट्या केसांच्या वेण्या घालत असाल तर त्या कृत्रिम केसांवर बऱ्याचदा अल्कलीचा थर असतो आणि त्यानेच डोकं खाजतं. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ते केस भिजवा, वर पांढुरकी साय सुटेल. मग स्वच्छ धुऊन वाळवा. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०२५ मध्ये अशा दहा लोकप्रिय कृत्रिम केसांची तपासणी प्रसिद्ध केली. दहांपैकी नऊ नमुन्यांत शिसं सापडलं. वेण्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवून बंद करताना खिडकी उघडी ठेवा, आणि सहा-आठ आठवड्यांवर वेण्या ठेवू नका.

प्रश्न : केस सरळ करण्याने गर्भाशयाचा कर्करोग होतो असं वाचलं. मी वर्षातून दोनदा केराटिन करते. घाबरावं का? (कोल्हापूर)

तुम्ही वाचलं तो अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा ‘सिस्टर स्टडी’, ऑक्टोबर २०२२ चा. ३५ ते ७४ वयाच्या ३३ हजारांहून अधिक स्त्रियांचा जवळजवळ अकरा वर्षं मागोवा घेतला गेला. सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांत ७० व्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, आणि वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. कुठलं उत्पादन आणि त्यातला कुठला घटक, हे त्या अभ्यासात विचारलेलं नव्हतं. पण ही उत्पादनं वापरणाऱ्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या, आणि त्यांच्यात वापर लहान वयातच सुरू होतो. त्यामुळे ओझं त्यांच्यावर जास्त पडतं. उत्पादकांवरचे हजारो दावे आता शिकागोच्या संघीय न्यायालयात एकत्र आणले आहेत.

तुमचं केराटिन म्हणजे रिलॅक्सर नव्हे, त्याचा धोका वेगळा आहे. त्यातल्या अनेक द्रावणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मॅल्डिहाइड सुटतो, आणि तो कर्करोगकारक आहे. लेबलवर ‘फॉर्मॅल्डिहाइड-मुक्त’ लिहून आत मिथिलीन ग्लायकॉल किंवा फॉर्मॅलिन असेल तर गोष्ट तीच. त्याऐवजी आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. इस्त्री चालू असताना डोळे चुरचुरले तर उठा. तो वास ‘नेहमीचाच’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आणि पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर केसांचा विचार न करता लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

प्रश्न : हा व्यवसाय कृष्णवर्णीय उद्योजकांनी उभा केला असं शिकवतात, मग आज मालक दुसरेच कसे? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, औरंगाबाद)

उभा त्यांनीच केला. अॅनी टर्नबो मलोन यांनी सेंट लुईसमध्ये केसांच्या मालाचा ‘पोरो’ हा व्यवसाय उभा केला. त्यांचाच माल विकत सारा ब्रीडलव्ह पुढे आल्या आणि १९०६ पासून मॅडम सी. जे. वॉकर या नावाने त्यांनी स्वतःचा व्यवसाय चालवला. १९१० मध्ये त्या इंडियानापोलिसला गेल्या. केस सरळ करायच्या गरम कंगव्याचा शोध वॉकर यांनी लावला ही दंतकथा आहे. त्यांचा मुख्य माल म्हणजे गंधक आणि व्हॅसलीनचं मलम, खपल्या आणि केसगळतीवरचं. मलमाइतकीच महत्त्वाची होती ती त्यांनी शिकवून तयार केलेल्या विक्रेत्या स्त्रियांची फळी, कारण धुणीभांड्यांपलीकडे कमाईचा दुसरा रस्ता त्या स्त्रियांना फारसा नव्हता.

नंतर शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी १९५४ मध्ये जॉन्सन प्रॉडक्ट्स काढली. १९७१ मध्ये ती अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी ठरली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात फेडरल ट्रेड कमिशनने जॉन्सनच्या लाय रिलॅक्सरवर धोक्याची सूचना छापायला लावली. तसाच माल विकणाऱ्या रेव्हलॉनला ती छापावी लागली जवळजवळ दोन वर्षांनी. तेवढ्या काळात ग्राहक कुठे गेला असेल, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. सूचना योग्यच होती, पण ती एकाच दिवशी सगळ्यांवर हवी होती.

पुढे मोठ्या कंपन्यांनी हे ब्रँडच विकत घेतले. लॉरिआलने १९९८ मध्ये सॉफ्ट शीन, २००० मध्ये कार्सन, २०१४ मध्ये कॅरल्स डॉटर. युनिलिव्हरने २०१७ मध्ये शिया मॉइश्चर बनवणारी सनडियल. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०२३ मध्ये मिएल. संस्थापकांना दोष देऊ नका, कारखाना वाढवायला भांडवल लागतं आणि बँकांचे दरवाजे त्यांना सहज उघडत नव्हते. दुकानांचं वेगळं कारण आहे. साठच्या दशकात अमेरिकेने कम्युनिस्ट चीनच्या केसांवर बंदी घातली, विगचा धंदा दक्षिण कोरियाकडे गेला, आणि तिथून आलेल्या स्थलांतरितांनी विगपासून सुरुवात करून वस्त्यावस्त्यांत ब्यूटी सप्लायची, म्हणजे केसांच्या आणि सौंदर्याच्या मालाची, दुकानं काढली. घाऊक पुरवठाही त्यांच्याच साखळीतून होतो, त्यामुळे नव्या कृष्णवर्णीय दुकानदाराला माल मिळवतानाच अडचण येते.

प्रश्न : गावात गुंतवळ घेऊन फुगे, भांडी देणारे येतात. ते केस जातात कुठे? (बार्शी)

बराच माल विग आणि जोडकेसांच्या कारखान्यांत जातो, मुख्यतः चीनमध्ये. हेनान प्रांतातलं शुचांग हे त्याचं मोठं केंद्र. तिथून अमेरिकेत, जिथे जोडकेसांच्या मोठ्या ग्राहक कृष्णवर्णीय स्त्रिया आहेत. शंभर ग्रॅमचा एक ‘बंडल’, आणि पूर्ण डोक्याला साधारण तीन बंडल लागतात. आधी स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या डोक्याला चिकटून घालतात आणि बंडलच्या पट्ट्या त्यांवर सुईदोऱ्याने शिवतात.

तिरुपतीला उतरवलेले केस आणि गुंतवळ यांत मोठा फरक आहे. केसावर माशासारखे खवले असतात, मुळाकडून टोकाकडे झुकलेले. मंदिरातली बट कापतानाच बांधलेली असते, सगळे खवले एका दिशेला. बाजारात तिला ‘रेमी’ म्हणतात आणि भाव तिलाच. गुंतवळीत मुळं आणि टोकं उलटसुलट मिसळलेली, म्हणून खवले एकमेकांत अडकून गोळा होतो. त्यावर उपाय म्हणून आम्लात बुडवून खवलेच काढतात आणि वरून सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात असे केस रेशमासारखे लागतात. काही धुण्यांत सिलिकॉन निघून जातं आणि जटा होतात. पाकिटावरची ‘ब्राझिलियन’, ‘पेरुव्हियन’ ही नावं बहुतेक वेळा विक्रीसाठीच असतात, केस भारतातले किंवा चीनमधले निघतात. कच्च्या केसांची निर्यात केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये मुक्त यादीतून काढून निर्बंधित केली, तेव्हा त्यासाठी परवाना लागू लागला.

परदेशातल्या कुणाला असे केस घ्यायचे असतील तर एक साधी परीक्षा सांगा. एक बट चिमटीत धरून बोटं मुळाकडून टोकाकडे न्या, मग उलट टोकाकडून मुळाकडे. खऱ्या रेमीत उलट जाताना किंचित खरखरीत अडथळा लागतो. दोन्ही बाजूंनी सारखीच गुळगुळीत लागली, तर खवले गेले आहेत आणि हाताला लागतंय ते सिलिकॉन. ती बट शाम्पूने दोनदा धुऊन, वाळवून मगच पैसे द्या.